चेरी काउंटीत माणसे इतकी कमी का?

अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यात, उत्तर सीमेला लागून, चेरी नावाची काउंटी आहे. तिचे एकूण क्षेत्रफळ सुमारे १५,५६६ चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ आपल्या पुणे जिल्ह्याएवढे आहे. अमेरिकेतले कनेटिकट हे अख्खे राज्य तिच्यापेक्षा लहान आहे. पुणे जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत ९४ लाखांहून अधिक माणसे मोजली गेली, तर चेरी काउंटीत २०२० च्या जनगणनेत मोजलेली माणसे होती ५,४५५. दर चौरस मैलाला एक माणूसही पूर्ण भरत नाही. असा आकडा वाचला की वाळवंट, दुष्काळ किंवा बर्फाळ ओसाड प्रदेश डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात या भूमीखाली उत्तर अमेरिकेतील भूजलाचा एक फार मोठा साठा आहे, तिच्यावर दूरवर गवत पसरलेले आहे आणि त्या गवतावर अमेरिकेतील इतर कोणत्याही काउंटीपेक्षा जास्त मांसोत्पादक गायी पोसल्या जातात. पाणी आहे, गवत आहे, गुरे आहेत, तरीही माणसे नाहीत. हे कोडे सोडवायचे तर आधी वाळूकडे, मग पाण्याकडे आणि शेवटी १९०४ सालच्या एका कायद्याकडे पाहावे लागते.

त्याआधी ‘काउंटी’ या शब्दाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. अमेरिकेत राज्याच्या खालचा प्रशासकीय विभाग म्हणजे काउंटी. देशभरात अशा ३,१०० हून अधिक काउंट्या आहेत आणि एकट्या नेब्रास्कात ९३ आहेत. काउंटीचा आपल्या जिल्ह्याशी मेळ बसतो तो नकाशावर. कारभारात फरक मोठा आहे. तिथे वरून नेमलेला जिल्हाधिकारी नसतो. काउंटीचे मंडळ, कायदा-सुव्यवस्था सांभाळणारा शेरिफ, जमिनीची करआकारणी करणारा अधिकारी, कोषपाल हे सारे स्थानिक मतदार निवडून देतात आणि रस्त्यांचा व कचेऱ्यांचा खर्च मुख्यतः त्याच भागातील मालमत्ता करातून चालतो. त्यामुळे एखाद्या काउंटीत माणसे किती, या प्रश्नाला अगदी व्यावहारिक अर्थ आहे: तेवढ्याच माणसांना तेवढे सगळे रस्ते सांभाळायचे असतात.

चेरी काउंटी १८८३ मध्ये स्थापन झाली. त्याआधी दोन वर्षे, १८८१ मध्ये, मारल्या गेलेल्या सॅम्युएल चेरी या लष्करी लेफ्टनंटचे नाव तिला देण्यात आले. काउंटीचे मुख्य ठाणे व्हॅलेंटाइन. या गावाचे नाव एडवर्ड व्हॅलेंटाइन या नेब्रास्काच्या काँग्रेस (अमेरिकी संसद) सदस्यावरून पडले. तरीही दर फेब्रुवारीत दूरदूरचे लोक आपली प्रेमपत्रे या गावच्या डाकघराचा शिक्का मारून घेण्यासाठी मुद्दाम इथे पाठवतात, आणि गावानेही ते नाते आनंदाने स्वीकारले आहे. काउंटीच्या आकाराचा आणखी एक परिणाम असा, की तिच्यातून दोन कालविभागांमधली रेषा जाते. पूर्वेकडच्या व्हॅलेंटाइनमध्ये मध्य अमेरिकी वेळ चालते, तर पश्चिम टोकाच्या मेरिमन गावात घड्याळ एक तास मागे असते. एकाच काउंटीच्या कामासाठी मुख्य ठाण्याला निघालेल्या माणसाला वाटेत घड्याळ बदलावे लागते.

आता वाळू. नेब्रास्काच्या उत्तर-मध्य भागात सुमारे ५०,००० चौरस किलोमीटरवर वाळूच्या टेकड्या पसरलेल्या आहेत. त्या प्रदेशाला ‘सँडहिल्स’ म्हणतात, आणि पश्चिम गोलार्धातील वाळूच्या टेकड्यांचा हा सर्वांत मोठा समूह आहे. चेरी काउंटीचा बहुतेक भाग याच प्रदेशात येतो. काही टेकड्या १०० मीटरहून उंच आहेत आणि त्यांच्या रांगा कित्येक किलोमीटर लांब जातात. नद्यांनी पश्चिमेकडच्या पर्वतांतून आणून टाकलेला गाळ वाऱ्याने उडवला, चाळला आणि रचला, अशा प्रकारे हजारो वर्षांत या टेकड्या तयार झाल्या. विशेष म्हणजे त्या भूशास्त्राच्या मापाने फार जुन्या नाहीत. सुमारे हजार वर्षांपूर्वी पडलेल्या दीर्घ अवर्षणात इथले गवत मेले आणि टेकड्या पुन्हा सरकू लागल्या, असे वाळूच्या थरांचे वय मोजणाऱ्या संशोधकांना आढळले आहे. आज त्या स्थिर आहेत त्या केवळ गवताच्या मुळांमुळे.

प्रदेशाचे सगळे वर्तन या एका गोष्टीतून समजते. वाळूवर गवताचे जे पांघरूण आहे ते पातळ आहे. गुरांच्या सततच्या वाटेमुळे, वणव्यामुळे किंवा नांगरामुळे ते एखाद्या ठिकाणी फाटले, तर वारा तिथली वाळू उपसायला सुरुवात करतो आणि टेकडीच्या अंगावर खळगा पडतो. स्थानिक लोक या खळग्याला ‘ब्लोआउट’ म्हणतात. एकदा पडलेला ब्लोआउट वाढत जातो आणि तो बुजवण्यासाठी वर्षानुवर्षे कुंपण घालून, सुके गवत अंथरून तिथे पुन्हा रुजवण करावी लागते. इथे सर्वत्र आढळणाऱ्या वालुकामय मातीला मृदाशास्त्रात ‘व्हॅलेंटाइन’ हेच नाव आहे. तिच्यात सेंद्रिय अंश कमी आणि पाणी धरून ठेवण्याची ताकद त्याहून कमी असते. अशा मातीत मक्याचे एखादे पीक येईलही, पण नांगरलेली जमीन पुढच्या वसंतातल्या वाऱ्यात जागेवर राहील याची खात्री नाही. म्हणून इथल्या जाणत्या पशुपालकाला मालमत्ता काय असे विचारले, तर तो गुरांच्या आधी गवताचे नाव घेईल.

या प्रदेशात पाऊस वर्षाला सुमारे ५०० मिलिमीटर पडतो. हिवाळ्यात पारा उणे तीस अंश सेल्सियसच्याही खाली उतरल्याच्या नोंदी आहेत आणि उन्हाळ्यात तो चाळिशी ओलांडतो. एवढ्या पावसात भूजलाचा मोठा साठा कसा तयार झाला असेल, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे उत्तरही वाळूतच आहे. चिकणमातीच्या प्रदेशात पाऊस पडला की बरेचसे पाणी उतारावरून ओढ्यात आणि ओढ्यातून नदीत निघून जाते. सँडहिल्समध्ये पावसाचे पाणी पडल्या जागी वाळूत शिरते. टेकड्यांवरून ओहोळ वाहताना फारसे दिसतच नाहीत. मुळांनी घेतलेले आणि उन्हाने उडवलेले पाणी वजा जाता उरलेला अंश खाली झिरपत ओगलाला या जलधर थराला जाऊन मिळतो. हा थर दक्षिण डाकोटापासून टेक्सासपर्यंत आठ राज्यांखाली पसरलेला आहे. टेक्सास आणि कॅन्सासच्या अनेक भागांत उपशामुळे त्याची पातळी गंभीररीत्या खाली गेली आहे. नेब्रास्काच्या वाळूच्या टेकड्यांखाली मात्र तो सर्वांत जाड आहे; काही ठिकाणी पाण्याने भरलेल्या थराची जाडी ३०० मीटरच्या आसपास जाते.

पाणी इतके वर आहे, की दोन टेकड्यांमधला सखल भाग जिथे भूजलपातळीच्या खाली जातो तिथे आपोआप तळे तयार होते. काउंटीच्या दक्षिण भागात अशी असंख्य तळी आणि पाणथळ कुरणे आहेत, आणि स्थलांतर करणाऱ्या पाणपक्ष्यांसाठी १९३५ मध्ये स्थापन झालेले व्हॅलेंटाइन राष्ट्रीय वन्यजीव आश्रयस्थान याच भागात आहे. नद्यांचेही तसेच आहे. नायोब्रारा, स्नेक, उत्तर लूप आणि मध्य लूप या नद्यांना पावसापेक्षा जमिनीखालच्या झऱ्यांचे पाणी अधिक मिळते, त्यामुळे त्यांना फारसा पूर येत नाही आणि त्या उन्हाळ्यात आटतही नाहीत. व्हॅलेंटाइनच्या पूर्वेला नायोब्राराच्या खोल दरीत उभे राहिले तर काठाच्या खडकांतून पाणी झिरपताना दिसते. नेब्रास्कातील सर्वांत उंच मानला जाणारा स्मिथ धबधबाही अशाच झऱ्याच्या पाण्याचा आहे. या दरीच्या थंड, ओलसर कुशीत हिमयुगाच्या काळापासून टिकून राहिलेली भूर्जवृक्षांची बेटे आहेत. पश्चिमेकडचे पाँडेरोसा पाइन आणि पूर्वेकडचे ओक इथे एकाच दरीत भेटतात. १९९१ मध्ये या नदीच्या ७६ मैलांच्या पट्ट्याला राष्ट्रीय संरक्षण मिळाले. माझ्या मते काउंटीची सर्वांत मोलाची जागा हीच आहे, कारण वरचे वाळूचे पठार आणि खालचे पाणी यांचा संबंध इथे डोळ्यांनी दिसतो.

मग एवढ्या पाण्यावर शेती का होत नाही? प्रयत्न झाला नाही असे नाही. १९७० च्या दशकात स्वतःभोवती गोल फिरणारी सिंचनयंत्रे आली, तेव्हा सँडहिल्सच्या अनेक भागांत गवत मोडून मका लावण्यात आला. पुढे त्यातील बऱ्याच जमिनी सोडून द्याव्या लागल्या, कारण खते आणि पाणी वाळूतून निसटत होते आणि उघडी पडलेली माती वारा घेऊन जात होता. दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. स्नेक नदीवर १९६० च्या दशकात बांधलेले मेरिट धरण चेरी काउंटीत आहे, पण त्याचे पाणी कालव्याने पूर्वेला शेजारच्या ब्राउन काउंटीतील एन्सवर्थच्या शेतीकडे जाते, कारण पाण्याला साजेशी जमीन तिकडे आहे. चेरीमध्ये कमतरता मातीची आहे, पाण्याची नाही.

या भूमीवरून पॉनी, शायान आणि लकोटा हे मूळनिवासी लोक पिढ्यान्‌पिढ्या बायसनच्या, म्हणजे अमेरिकी रानगव्यांच्या, शिकारीसाठी फिरत होते. १८६८ च्या फोर्ट लॅरामी तहाने लकोटांचा उत्तर प्लॅट नदीच्या उत्तरेकडे शिकार करण्याचा हक्क मान्य केला होता, पण काही वर्षांतच तो त्यांच्याकडून काढून घेण्यात आला आणि त्यांना उत्तरेला, आजच्या दक्षिण डाकोटात, राखीव क्षेत्रांमध्ये कोंडण्यात आले. रोझबड हे त्यांपैकी एक क्षेत्र चेरी काउंटीच्या सीमेला लागूनच आहे. त्यावर लक्ष ठेवण्यासाठी १८८० मध्ये व्हॅलेंटाइनजवळ फोर्ट नायोब्रारा ही लष्करी छावणी उभारण्यात आली. नवव्या घोडदळाच्या आणि पंचविसाव्या पायदळाच्या कृष्णवर्णीय तुकड्याही तिथे वेगवेगळ्या काळात राहिल्या. १९०६ मध्ये छावणी बंद झाली. १९१२ मध्ये त्याच जागेवर वन्यजीव आश्रयस्थान झाले आणि जवळजवळ नामशेष झालेल्या बायसनचा एक लहान कळप तिथे आणून जपण्यात आला. लोकसंख्येचा इतिहास सांगताना ही पार्श्वभूमी वगळणे मला योग्य वाटत नाही, कारण ‘रिकामी’ म्हणून ज्या जमिनीची पुढे वाटणी झाली ती आधी रिकामी करण्यात आली होती.

सुरुवातीच्या गुराख्यांनाही या टेकड्यांची भीती वाटत असे. टेकड्या एकसारख्या दिसतात, वाट चुकते आणि हिवाळ्यात गुरे आत शिरली की ती मेली असेच समजले जाई. १८७० च्या दशकाच्या अखेरीस हिमवादळात आत भरकटलेली गुरे शोधायला गेलेल्या गुराख्यांना ती जिवंतच नव्हे तर चांगली धष्टपुष्ट सापडली, आणि तेव्हापासून मोठ्या पशुपालकांनी इकडे धाव घेतली. सरकारी जमिनीवर हजारो गुरे चारायची आणि तिला बेकायदा तारेचे कुंपण घालायचे, हा त्यांचा रिवाज झाला. चेरी आणि शेरिडन काउंट्यांमध्ये पसरलेल्या प्रसिद्ध स्पेड रँचचे (रँच म्हणजे गुरे पाळण्याची मोठी कुरणे) मालक बार्टलेट रिचर्ड्‌स यांना अशाच जमीन-प्रकरणात शिक्षा झाली. याच सुमारास, १८८३ मध्ये, व्हॅलेंटाइनपर्यंत रेल्वे पोहोचली आणि गुरे थेट बाजारात पाठवण्याची सोय झाली.

आता त्या कायद्याकडे वळू. १८६२ च्या होमस्टेड कायद्यानुसार कोणाही स्थायिकाला १६० एकर सरकारी जमीन जवळजवळ विनामूल्य मिळत असे, अट एवढीच की पाच वर्षे तिथे राहून ती कसायची. आयोवाच्या काळ्या मातीत १६० एकरांवर कुटुंब सुखाने जगत असे. सँडहिल्सच्या वाळूत मात्र एवढ्या जमिनीवर ते उपाशी मरत असे, म्हणून इथल्या जमिनी मागायला फारसे कोणी येत नव्हते. नेब्रास्काचे काँग्रेस सदस्य मोझेस किंकेड यांनी १९०४ मध्ये एक कायदा मंजूर करून घेतला, ज्यानुसार राज्याच्या पश्चिम भागातील ३७ काउंट्यांमध्ये प्रत्येक स्थायिकाला १६० ऐवजी ६४० एकर, म्हणजे बरोबर एक चौरस मैल, जमीन मिळू लागली. कागदावर ही उदारता मोठी होती. लोक गाड्या भरभरून आले, आणि त्यांना ‘किंकेडर’ असे नाव पडले. चेरी काउंटीची लोकसंख्या १९०० मध्ये ६,५४१ होती. ती १९१० मध्ये १०,४१४ झाली आणि १९२० मध्ये ११,७५३ वर पोहोचली.

या आकड्यांमागे काय चुकले, ते साध्या गणिताने समजते. सँडहिल्सच्या गवतावर एक गाय आणि तिचे वासरू वर्षभर पोसायला साधारण पंधरा ते वीस एकर कुरण लागते. म्हणजे ६४० एकरांत जेमतेम तीस-चाळीस गायी. वर्षाला तितकीच किंवा त्याहून कमी वासरे विकून घर, कुंपण, पवनचक्की, घोडे आणि मुलांचे शिक्षण भागवायचे. पर्जन्य बरे असेल आणि गुरांना भाव असेल तोपर्यंत हे कसेबसे जमे. दोन्हींपैकी एक हुकले की हिशेब कोसळे. कमी पडणारे उत्पन्न भरून काढण्यासाठी अनेकांनी थोडी जमीन नांगरली, आणि नांगरलेल्या वाळूचे काय होते ते वर सांगितलेच आहे. चौपट जमीन देणारा कायदाही अपुरा ठरला, कारण त्या भूमीला लागणारा आकार त्याच्याही दहापट होता. किंकेडरांनी पाच वर्षे पूर्ण करून हक्काचा कागद मिळवला आणि त्यांपैकी अनेकांनी तो शेजारच्या मोठ्या पशुपालकाला विकला.

या लाटेत आलेल्या माणसांमध्ये एक वसाहत विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. १९०७ पासून उत्तर लूप नदीच्या काठी, ब्राउनलीच्या वर, कृष्णवर्णीय कुटुंबांनी डीविटी नावाची वस्ती वसवली. त्यांतील काही जणांची घराणी गुलामगिरीतून सुटून कॅनडात गेली होती आणि तिथून परतली होती. लाकूड मिळत नव्हते, म्हणून गवताच्या मुळांसकट जमिनीचे थर विटांसारखे कापून त्यांनी घरे उभारली, शाळा काढल्या, चर्च बांधले, बेसबॉलचा संघ उभा केला. नेब्रास्कातील कृष्णवर्णीय स्थायिकांची ही सर्वांत मोठी आणि सर्वांत अधिक काळ टिकलेली ग्रामीण वसाहत होती. १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत तीही रिकामी झाली. तिथे राहिलेल्या कुटुंबांनी मुलांना शिक्षणासाठी धडपडून पाठवले आणि ती मुले परत आली नाहीत, कारण परत येऊन जगण्याइतकी जमीन कोणाकडेच नव्हती. २०१६ मध्ये त्या जागेजवळ स्मृतिफलक लावण्यात आला. चेरी काउंटीची लोकसंख्या का घटली हे एका वस्तीच्या आयुष्यात पाहायचे असेल, तर डीविटी पाहावी.

१९२० नंतर आकडे सतत उतरत गेले. १९३० मध्ये १०,८९८, १९४० मध्ये ९,६३७, १९६० मध्ये ८,२१८, १९८० मध्ये ६,७५८, २००० मध्ये ६,१४८, २०१० मध्ये ५,७१३ आणि २०२० मध्ये ५,४५५. शंभर वर्षांत निम्म्याहून अधिक घट. १९३० च्या दशकातील मंदी आणि अवर्षण हे एक कारण आहे, पण घट त्या दशकापुरती थांबली नाही, यावरून मूळ कारण अधिक खोल आहे हे कळते. ट्रॅक्टर आणि गवताच्या गंजी बांधणारी यंत्रे आल्यावर जे काम दहा गड्यांना लागे ते दोघांत होऊ लागले. लहान मालकाने विकलेली जमीन मोठ्याच्या हाती गेली आणि आज इथल्या रँचचा आकार सर्रास हजारो एकरांत मोजला जातो. म्हणजे वीस मैलांच्या परिसरात जिथे एकेकाळी शंभर चुली पेटत होत्या, तिथे आता मोजक्याच पेटतात, आणि तरीही गुरांची संख्या कमी झालेली नाही.

या ठिकाणी एका जुन्या व्याख्येची आठवण उपयोगी पडते. १८९० च्या जनगणनेनंतर अमेरिकी जनगणना खात्याने जाहीर केले, की देशाची वसाहतीची सीमारेषा आता उरलेली नाही. या हिशेबात ज्या प्रदेशात दर चौरस मैलाला दोनपेक्षा कमी माणसे असत, तो अद्याप न वसलेला मानला जाई. चेरी काउंटीचे जमिनीचे क्षेत्र सुमारे ५,९६० चौरस मैल आहे. १९२० मध्ये, तिच्या इतिहासातील सर्वाधिक लोकसंख्येच्या वर्षीही, दर चौरस मैलाला १.९७ माणसे होती. आज हा आकडा ०.९२ आहे. म्हणजे त्या जुन्या मापाने ही काउंटी कधीच ‘वसलेली’ नव्हती. किंकेडरांची सगळी लाटही तिला रेषेच्या पलीकडे नेऊ शकली नाही. मला यातून एवढेच दिसते, की माप त्या भूमीसाठी बनवलेलेच नव्हते.

सरासरीचाही एक सापळा आहे, आणि तो ग्रामीण अमेरिकेविषयी वाचताना वारंवार आड येतो. २०२० मधील ५,४५५ माणसांपैकी २,६३३ एकट्या व्हॅलेंटाइनमध्ये राहत होती. त्यांना वगळले, तर उरलेल्या साऱ्या काउंटीत २,८२२ माणसे उरतात, म्हणजे दर साडेपाच चौरस किलोमीटरला एक. तीही सारखी पसरलेली नाहीत. बहुतेक गावे उत्तरेकडच्या २० क्रमांकाच्या महामार्गावर, जुन्या रेल्वेमार्गाच्या काठी, मण्यांसारखी ओवलेली आहेत: वुड लेक, व्हॅलेंटाइन, क्रुकस्टन, किलगोर, नेन्झेल, कोडी, मेरिमन. यांतील व्हॅलेंटाइन सोडून कोणत्याही गावाची लोकसंख्या काही शेकड्यांच्या वर नाही, नेन्झेल तर मूठभर घरांचे आहे. दक्षिणेकडे वळले की गावे संपतात आणि मैलोन्‌मैल फक्त पवनचक्क्या, टपालपेट्या आणि मुख्य रस्त्यापासून आत गेलेल्या एकेरी गाडीवाटा दिसतात. ही रेल्वेही १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बंद झाली. तिच्या रुळांच्या जागी आता सायकलस्वारांसाठी आणि पायी चालणाऱ्यांसाठी ‘काउबॉय ट्रेल’ हा मार्ग आहे आणि नायोब्रारावरच्या उंच जुन्या पुलावरून तो जातो.

एक गोष्ट आवर्जून नोंदवण्यासारखी आहे, की काउंटीची लोकसंख्या निम्मी झाली त्याच शतकात व्हॅलेंटाइन गाव मात्र वाढले. रँच सोडणारी सगळी कुटुंबे ओमाहा किंवा डेन्व्हरसारख्या मोठ्या शहरांत गेली नाहीत. काही जण याच गावात येऊन राहिले, कारण दुकाने, रुग्णालय, शाळा, गुरांचे लिलाव आणि काउंटीच्या कचेऱ्या इथेच आहेत. त्यापेक्षा मोठ्या बाजारासाठी दक्षिणेला नॉर्थ प्लॅटपर्यंत सुमारे १३० मैल जावे लागते. म्हणून अडीच हजारांच्या गावाला या प्रदेशात जे महत्त्व आहे, ते लोकसंख्येच्या आकड्यावरून लक्षात येत नाही. गंभीर आजार, बाळंतपण किंवा हिवाळ्यातले हिमवादळ यांपैकी काहीही आले, की अंतर हाच इथला पहिला प्रश्न असतो.

गुरांचा आकडा या सगळ्याच्या शेजारी ठेवून पाहावा. काउंटीत दीड लाखाच्या आसपास मांसोत्पादक गायी आहेत, म्हणजे माणशी पंचवीसहून अधिक. दीड लाख गायींना प्रत्येकी वीस एकर धरले, तर तीस लाख एकर होतात, आणि काउंटीची एकूण जमीन सुमारे ३८ लाख एकर आहे. त्यातून आश्रयस्थाने, राष्ट्रीय वन, तळी आणि गावे वजा केली, तर जवळजवळ सगळे गवत वापरात आहे. नकाशावर मोकळी दिसणारी ही भूमी या अर्थाने पूर्ण भरलेली आहे. इथले वर्षही गवताच्या वेळापत्रकावर चालते. हिवाळा संपता संपता वासरे जन्मतात, वसंताच्या अखेरीस शेजारीपाजारी एकत्र जमून त्यांना डाग देतात, जुलै-ऑगस्टमध्ये टेकड्यांमधल्या ओल्या कुरणांतले गवत कापून, सुकवून, गुंडाळून हिवाळ्यासाठी ठेवले जाते, आणि शरद ऋतूत वासरे विकली जातात. ही वासरे पुढे पूर्वेकडच्या मक्याच्या पट्ट्यात जाऊन वजन धरतात. मक्याची जमीन आणि गवताची जमीन यांच्यातली ही वाटणी पाहिली, की चेरी काउंटीने स्वतः मका का पिकवू नये हेही कळते. मेरिमनजवळच्या अशाच एका रँचच्या मालकीणबाई, ईव्हा बाउरिंग, १९५४ मध्ये अमेरिकी सिनेटमध्ये नेब्रास्काचे प्रतिनिधित्व करणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या. त्यांची रँच आज राज्याचे ऐतिहासिक उद्यान आहे.

झाडे लावून ही भूमी ‘सुधारण्याचा’ प्रयत्नही झाला होता. वनस्पतिशास्त्रज्ञ चार्ल्स बेसी यांच्या आग्रहावरून १९०२ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी सँडहिल्समध्ये दोन राखीव वनक्षेत्रे जाहीर केली. त्यांपैकी एक चेरी काउंटीत आहे आणि आज ते सॅम्युएल मॅकेल्वी राष्ट्रीय वन म्हणून ओळखले जाते. नाव वनाचे असले तरी त्याच्या बहुतांश भागावर आजही गवतच आहे. उलट अलीकडे रेड सीडर हे झाड आपणहून पसरून कुरणे गिळू लागले आहे आणि वणव्यांच्या अभावी ते आवरणे पशुपालकांना अवघड जात आहे. ज्या प्रदेशात शंभर वर्षांपूर्वी माणसे झाडासाठी आसुसलेली होती, तिथे आता नियंत्रित आग लावून झाडे मारावी लागतात.

पुढच्या पिढीचा प्रश्न या सगळ्यात सर्वांत कठीण आहे. रँच टिकवायची तर ती मोठी हवी, मोठी रँच एकाच वारसाकडे गेली तर बाकीच्या भावंडांनी दुसरीकडे जायचे, आणि वाटणी केली तर किंकेडरांचे गणित पुन्हा समोर येते. जमिनीच्या किमती गवताच्या उत्पन्नाच्या मानाने इतक्या वाढल्या आहेत, की बाहेरच्या तरुणाला शून्यातून सुरुवात करणे जवळजवळ अशक्य आहे. मुले कमी झाली की शाळा विलीन होतात, शाळा गेली की गावातले शेवटचे दुकानही अडचणीत येते. कोडी गावात हेच झाले होते. दीडशेच्या आसपास वस्तीच्या या गावात किराणा दुकान उरले नव्हते आणि पीठ-दुधासाठीही व्हॅलेंटाइनपर्यंत जावे लागत होते. तिथल्या शाळेतील विद्यार्थ्यांनी आणि ग्रामस्थांनी मिळून २०१३ मध्ये ‘सर्कल सी मार्केट’ नावाचे दुकान सुरू केले. त्याच्या भिंती पेंढ्याच्या गठ्ठ्यांच्या आहेत, आणि हे बांधकामतंत्र मुळात याच सँडहिल्समध्ये, लाकूड नसलेल्या स्थायिकांनी एका शतकापूर्वी शोधून काढले होते. मालाची मागणी नोंदवणे, फळ्या लावणे, गल्ल्यावर बसणे आणि हिशेब ठेवणे या कामांत शाळेतील मुलांचा वाटा आहे आणि ते त्यांच्या शिक्षणाचाच भाग मानले जाते. दुकानात येणारी गिऱ्हाइके बहुधा त्यांचेच शेजारी असतात. त्यांतले काही जण दूरच्या रँचवरून दुधाच्या एका कॅनसाठी तासभर गाडी चालवून येतात.